त्रिकोणी खाच

दुकानदार लालाजीने लोट्यातून तोंडभर पाणी घेतलं, गाल फुगवले आणि मारुती गाडीच्या पुढच्या काचेवर फुर्रकन फवारा मारला.

"अब चलाइए, बहनजी."

सुनेत्राने आतून वायपर सुरू केला. जुन्या रबराने पाणी पुसायच्या ऐवजी नुसतं पसरवलं, आणि त्या पाण्यात पानाच्या चोथ्याचे दोन लाल कण काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागले. बाहेर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, पद्माकर देवस्थळींनी, नाकाला रुमाल लावला. ते दोन पावलं मागे सरकले, तर बूट काळ्या तेलात बुडाला. फरीदाबादच्या मोटारपार्टच्या त्या बाजारात पाय ठेवायला स्वच्छ जागा म्हणून नव्हती. जो तो हात विजारीला पुसत होता, भिंतीवर थुंकत होता आणि गिऱ्हाइकाला 'असली माल' विकत होता.

तिथे यावं लागलं ते नाइलाजाने. चौदा जानेवारीला मराठी मंडळाची माणसं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणार होती. दोन गाड्यांपैकी एक सुनेत्रा चालवणार होती. सोबत मुलगी वल्लरी आणि मंडळातल्या दोघीजणी. पद्माकरांना सुट्टी मिळणार नव्हती, त्याच दिवशी कारखान्यात जपानी पाहुणे यायचे होते. जानेवारीतलं ते धुकं, काचेवर साचणारा ओलावा, पुढेमागे ट्रक, आणि असा रेघोट्या ओढणारा वायपर. सुनेत्राला गेले चार दिवस त्याचीच धास्ती होती.

गंमत म्हणजे पद्माकर वायपरच्याच कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. पैसे भरून का होईना, एक जोडी तिथूनच आणा, असं सुनेत्राने सुचवलं होतं. त्यावर तिला जेवण होईपर्यंत प्रवचन ऐकावं लागलं. कारखान्यातली टाचणीसुद्धा घरी येणार नाही, इथल्या लोकांत आणि आपल्यात काही फरक आहे की नाही, वगैरे. सहा वर्षांपूर्वी पुणं सोडलं तेव्हापासून हा फरक त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला होता. देशाची दारं उघडली होती, दर सहा महिन्यांनी रस्त्यावर नवी गाडी येत होती, सेक्टरच्या सेक्टर उभे राहत होते, आणि या सगळ्या घाईत 'चलता है' म्हणणाऱ्यांची पद्माकरांना मनस्वी किळस होती. "आमच्याकडे नोकरीतही सोवळं पाळतात," असं सुनेत्रा बहिणीला फोनवर सांगे. त्यात चेष्टा होती, पण अभिमानही होताच.

लालाजीने फळीवरून एक खोकं काढून बॉनेटवर ठेवलं. खोक्यावर पद्माकरांच्याच कारखान्याचं नाव होतं.

"फैक्ट्री से सीधा माल है, साहब."

सुनेत्रा गाडीतून उतरली. "बघा, शेवटी तुमचेच मिळाले. तुम्हीच निवडा, मला त्यातलं काय कळतं."

पद्माकरांनी मेलेली पाल उचलावी तसा एक ब्लेड दोन बोटांत उचलला. सवयीने त्यांनी टोकाला रबर धरून ठेवणारी धातूची पत्री नखाने वर केली. रबराच्या कोपऱ्यावर एक बारीक त्रिकोणी खाच होती.

ती खाच त्यांचीच होती. नापास झालेल्या रबरावर पूर्वी लाल रंगाचा ठिपका देत. तो रॉकेलने पुसला जातो हे कळल्यावर पद्माकरांनी स्वतः चिमटा घडवून घेतला होता, आणि पत्रीखाली झाकली जाईल अशी ही खाच सुरू केली होती. बाहेरच्या कुणाला ती माहीत असायचं कारण नव्हतं. खाच पडलेला माल मागच्या भंगाराच्या वाड्यात जाई. तिथे तपासणीप्रमुखाच्या समोर प्रत्येक ब्लेडचे दोन तुकडे व्हायचे, असा नियमच होता.

त्यांनी दुसरा ब्लेड उघडला. तिसरा उघडला. सगळ्यांना खाच होती. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि खरं सांगायचं तर, त्या रागात त्यांना जरा बरंही वाटलं. या गावाबद्दल आपण जे म्हणत होतो ते खरं निघालं होतं.

"हा मी नापास केलेला माल आहे," ते सुनेत्राला म्हणाले. "यातल्या एकानेही काच पुसली जाणार नाही. तासाभरात रबर फाटेल. चोर आहेत सगळे, वरपासून खालपर्यंत."

 हेच लावून आपण पोरीला घेऊन निघालो असतो, हे सुनेत्राला एकदम कळलं. नवऱ्याकडे तिने कौतुकाने पाहिलं आणि मग लालाजीला हिंदीत चांगलंच फैलावर घेतलं. हे साहेब कोण आहेत तेवढं मात्र तिने सांगितलं नाही.

लालाजी रागावला नाही. असे आरोप ऐकायची त्याला सवय असावी. त्याने गल्ल्याखालून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला.

"चोरी का माल मैं नहीं रखता, बहनजी. ये कंपनी का कागज़ है, माल के साथ आया है. मोहर देखिए, बड़े साहब के दस्तखत देखिए."

इंग्रजीशी लालाजीचं देणंघेणं नव्हतं. शिक्का आणि सही एवढं त्याला पुरे होतं, आणि गिऱ्हाइकांनाही. सुनेत्राने मात्र कागद वाचला. खालील चारशे जोड्या माझ्यासमोर कापून नष्ट करण्यात आल्या, असं त्यात लिहिलं होतं. पुढे वार, तारीख, वेळ. आणि खाली ती सही, वल्लरीच्या प्रगतिपुस्तकावर दर परीक्षेनंतर असायची तीच, शेवटचा फराटा लांबवर ओढलेली.

तिने तो कागद पुन्हा एकदा वाचला.

पद्माकरांना तो वाचायची गरज नव्हती. भंगाराचा वाडा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला: कारखान्यामागचा उघडा नाला, त्यात लोळणारी डुकरं, जळक्या रबराचा आणि कुजलेल्या कचऱ्याचा एकत्र भपकारा. पहिल्या महिन्यात ते तीनदा गेले होते आणि तिसऱ्यांदा तिथेच ओकले होते. भंगारवाला मोठा समजूतदार माणूस. साहेबांनी कशाला त्रास घ्यायचा, कागद वर पाठवून देतो, असं तोच म्हणाला. तेव्हापासून कागद वर येत होता, आणि सही होऊन खाली जात होता.

"तिथली घाण तू पाहिलेली नाहीस," ते म्हणाले. "माणूस दोन मिनिटं उभा राहू शकत नाही तिथे."

सुनेत्रा कागदाकडेच पाहत होती.

"शनिवार, संध्याकाळी पाच," ती म्हणाली. "शनिवारी पाचला तुम्ही घरी असता."

पद्माकर बुटाचं तेल जमिनीला घासू लागले. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. कागद पिशवीत घालून तिने लालाजीला परत दिला, मघाशी बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नका म्हणाली, आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीचे ब्लेड असतील तर दाखवायला सांगितले.

लालाजीने तीन जोड्या आणल्या. सुनेत्राने एक ब्लेड उजेडात धरला. मघाशी पाहिलं होतं तशी टोकाची पत्री वर केली, कोपरा पाहिला. मग रबराच्या धारेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. बोट काळं झालं. तिने ते ओढणीला पुसलं आणि दुसरा ब्लेड घेतला.

"बघू इकडे," म्हणत पद्माकरांनी हात पुढे केला.

"राहू द्या," सुनेत्रा म्हणाली. "तुमचे हात खराब होतील."