वासापुरती फवारणी

औषधवाल्याचे गुडघे कधीच कामातून गेले होते, पण ओट्याखाली आडवं झाल्याशिवाय झुरळांचं काम होत नाही. तीस वर्षं लोक त्याला म्हणत आले, मारा भसाभस औषध. आणि तीस वर्षं तो सांगत आला, आधी गळका नळ दुरुस्त करा, खरकटं उचला, फटी बुजवा. औषध सगळ्यात शेवटी. पालथ्या घड्यावर पाणी.

या पाळणाघराचं स्वयंपाकघर त्याची मुलगी सांभाळायची. तो दर शुक्रवारी सकाळी यायचा. आज संचालकबाईंनी दोघांनाही समोर उभं केलं होतं. फ्रिजमागच्या चिकट कागदावर दोन महिन्यांपूर्वी चार झुरळं होती, आज एकतीस.

"स्वच्छता नाही, दुसरं काय," बाई म्हणाल्या. "शिवाय दर शुक्रवारी मुलांचं जेवण अर्धा तास उशिरा. सोमवारपासून मी दुसरी कुणी बघते."

मुलगी खाली बघत राहिली. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकरं शाळेत. ही नोकरी गेली की चूल थंड.

"मी बघतो जरा," म्हणत औषधवाला कण्हत खाली वाकला. बॅटरीच्या उजेडात सगळं लख्ख होतं. नळ कोरडा, कोपऱ्यात कण नाही. कपाटाच्या बिजागरीशी त्यानेच लावलेले जेलचे ठिपके मात्र जसेच्या तसे होते, आणि त्यांच्यावर तेलकट तवंग. तो तवंग कुठून आला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

जेलला वास नसतो. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं आणि बाकीच्यांनाही घेऊन जातं. फक्त आठ-पंधरा दिवस धीर धरावा लागतो. पण बाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "वास कसा नाही? औषध घातलंत की नुसतं दाखवलंत?" एके काळी तो तासभर समजावत बसला असता. त्या दिवशी तोंड उघडायचाही कंटाळा आला. मुलगी मागच्या दारी भाजी घ्यायला गेली, तेव्हा त्याने वासापुरते चार फवारे मारले. बाई खूश झाल्या. मग दर शुक्रवारी तेच. जेलवर फवारा उडाला की झुरळं जेलला तोंड लावत नाहीत, उलट घरभर पांगतात, हे नवशिकाही सांगेल. आणि त्याने फवारलं होतं तेही पोरांच्या ताटल्यांच्या फळीखाली. त्याला स्वतःची लाज वाटली.

गप्प राहिला असता तर त्याचं काम टिकलं असतं. ओटा धरून तो उठला.

"बाई, हिचा दोष नाही. मी फवारलं. तुम्हाला वास यावा म्हणून."

बाईंनी तो चिकट कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग म्हणाल्या, "ही राहू दे. तुम्ही मात्र पुढच्या शुक्रवारपासून येऊ नका."

फाटकापर्यंत पिशवी मुलीनेच आणली.

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "पहिल्याच शुक्रवारी वास आला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं काम गेलं असतं."

तिने पिशवी त्याच्या हातात दिली. साबणाने तिची बोटं पार चिरली होती.

"तुम्ही गेलात की मी सगळी भांडी पुन्हा घासायचे. म्हणून जेवणाला उशीर व्हायचा."