साखळीची बोट

"धुराडं पुढे आहे की मागे?" वाफमास्तरांनी विचारलं.

मुलीने फोटो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. "मागे, बाबा. आणि पुढे बादल्यांची माळ लोंबतेय."

"मग ती बाळंतीण. गाळ काढायची. पोट सुटलेलं, चालायला जड, आणि अख्ख्या नदीने तिच्या तैनातीला राहायचं."

संग्रहालयातून आलेला माणूस हसत लिहून घेऊ लागला. शिवणयंत्रावरचं कापड बाजूला सारून त्याने तिथेच आपला तक्ता मांडला होता. प्रत्येक फोटोला एक ओळ: बोटीचं नाव, तिचं काम, फोटोतली माणसं. नदीवरच्या वाफेच्या बोटी भंगारात जाऊन जमाना झाला होता. त्या ओळखू शकेल असा एकच म्हातारा मिस्त्री, वाफमास्तर, उरला होता, आणि त्याचे डोळे काचबिंदूने नेले होते. म्हणून मुलगी पाहायची आणि बाप ओळखायचा. सकाळपासून अकरा बोटी झाल्या, एकीवरही म्हातारा अडला नव्हता. येताजाता प्रत्येकावर शिट्ट्या मारणाऱ्या ओढबोटीचं नाव 'सासूबाई' होतं, हे सांगताना तर त्याने ती शिट्टीही वाजवून दाखवली होती.

"नावं अशीच लिहू?" संग्रहालयवाल्याने विचारलं.

"कागदावरची नावं कागदाला ठाऊक. आम्ही ठेवलेली तीच खरी."

मुलीने बारावा फोटो उचलला, आणि उजेडात न नेताच हातात धरून ठेवला.

"काय गं?"

"काही नाही. धुराडं मधोमध. दोन्ही टोकं सारखीच."

"पाणी कापायची चाकं?"

"नाहीत."

"साखळी दिसते का?"

दिसत होती. बोटीच्या नाकावरून ओली साखळी पाण्यातून वर चढत होती, आणि तिच्याशेजारी तेलाची झारी घेऊन दादा वाकला होता. बावीस वर्षांचा, केस कपाळावर आलेले. घरात त्याचा एकच फोटो होता, आणि तो आईने पदराने पुसून पुसून पार पुसट करून टाकला होता.

"नाही," ती म्हणाली.

"आहे की, ताई!" संग्रहालयवाला पुढे झुकला. "ही काय, पाण्यातून येतेय. शेजारी एक पोरगाही आहे."

गुडघ्यावर ताल धरलेली म्हाताऱ्याची बोटं थांबली.

"मग ती गोगलगाय," तो शेवटी म्हणाला. "नदीच्या तळाशी मैलच्या मैल साखळी टाकलेली असायची. ती पोटातून ओढून घेत ही पुढे सरकायची. मागे मालाने भरलेल्या चार होड्या. ओढ कितीही असो, हटायची नाही. तशी बोट दुसरी झाली नाही."

"तिचं पुढे काय झालं?"

"बॉयलर फुटला. बुडाली. सव्वीस वर्षं झाली."

सव्वीस वर्षांत हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. बोटीवरच्या बाकीच्या चौघांची प्रेतं सापडली; दादा सापडला नाही. पट्टीचा पोहणारा पोरगा, लागला असेल कुठेतरी काठाला, असं आई सात वर्षांपूर्वी जाईपर्यंत म्हणत राहिली. दाराला तिने आतून कडी कधी लावू दिली नाही.

"बरं," संग्रहालयवाला लिहिता लिहिता पुटपुटला. "माणसं: एक. अनोळखी."

"थांबा." म्हाताऱ्याने मान मुलीकडे वळवली. "काय करतोय तो पोरगा?"

"साखळीला तेल घालतोय."

"कोणत्या हाताने?"

"डाव्या."

"अनोळखी खोडा," वाफमास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्हाला त्रास नको म्हणून मी..."

"कळलं मला. तू 'काही नाही' म्हणतेस तेव्हा काहीतरी असतंच." मग बोटीची माहिती द्यावी तशा सरळ आवाजात तो बोलू लागला. "पाचव्या दिवशी एक प्रेत ओळखायला मला धक्क्यावर बोलावलं होतं. चेहरा राहिला नव्हता. पण शर्ट पांढरा, आणि डाव्या बाहीला बटण काळं. तुझ्या आईने आदल्याच आठवड्यात लावलेलं. घरात पांढरं नव्हतं. तिथला कारकून म्हणाला, तुमचाच का? मी म्हणालो, नाही."

मुलीने फोटो खाली ठेवला.

"का?"

"तोंडातून तेच आलं. म्हटलं, घरी जाऊन आधी तिला सांगू, मग परत येऊ. तर ती दारातच उभी. मी म्हणालो, तो नव्हता गं. चार दिवस पाण्याच्या घोटावर असलेली बाई, तिने चूल पेटवली. मला वाढलं, स्वतः जेवली. मग उद्या सांगू, परवा सांगू..."

"आणि तो?"

"बेवारस म्हणून घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही."

"एकोणीस वर्षं, बाबा. आई एकोणीस वर्षं त्या दाराकडे..." बाजूला सारलेल्या कापडातला एक धागा तिने ओढला. तो निघतच राहिला, शिवण उसवत गेली.

दिसत नसलेले डोळे म्हाताऱ्याने जमिनीकडे लावले होते.

संग्रहालयवाल्याने 'अनोळखी'वर रेघ मारली. हळूच विचारलं, "काय नाव लिहू?"

मुलीने त्या माणसाच्या हातातलं पेन घेतलं आणि रेघेच्या शेजारी, जागा पुरत नव्हती तरी, दादाचं पूर्ण नाव लिहिलं. त्याचं, मग वडिलांचं, मग घराण्याचं.

"लिहिलंस?"

"हो."

"वाच."

तिने वाचलं. आवाज कोरडाच होता.

म्हातारा खुर्चीतून पुढे सरकला आणि कान तिच्याकडे करून म्हणाला, "पुन्हा एकदा वाच गं."