बुर्जी

"मारा बाबा, मारा ते प्यादं!"

लसूण सोलता सोलता दिपाली जवळजवळ ओरडलीच. तिच्या सासऱ्यानं, केसरीनाथनं, माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. पडद्यावर त्याचा एक हत्ती होता, एक घोडा होता, दोन प्यादी होती. समोरच्या, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या गड्याकडे उरला होता नुसता राजा आणि कडेच्या पट्टीतलं एक काळं प्यादं. ते हत्तीच्या तोंडात आयतं येऊन बसलं होतं. उचलायचं आणि मोकळं व्हायचं. पण नाही. केसरीनाथनं पुन्हा माउस धरला, प्याद्याला सोडलं आणि घोड्यानं राजाला शह दिला.

राजा सरकला. केसरीनाथनं हत्तीनं शह दिला. राजा पुन्हा सरकला. मग घोड्याला जवळ आणायला केसरीनाथनं एक चाल घालवली, आणि तेवढ्यात ते काळं प्यादं एक घर पुढं गेलं. पुढच्या सवडीला आणखी एक. शेवटच्या घरात पोचून ते वजीर झालं आणि त्या वजिरानं आल्या आल्या हत्ती गिळला.

"हरलो," केसरीनाथ म्हणाला.

"हरला नाहीत. दान केलंत," दिपाली म्हणाली आणि लसणाची सालं उचलून आत गेली. आता काय बोलायचं या माणसाला!

अंजूरच्या देवळाच्या पारावर केसरीनाथला हरवणारा अजून जन्माला यायचाय, असं लोक म्हणायचे. काल्हेरपासून पैज लावून माणसं यायची आणि तोंड पाडून परत जायची. पुढं भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहिली. पोरं तिथं ड्युटीला लागली, म्हातारे टीव्हीसमोर बसले आणि पारावर डाव मांडणारा कुणी उरला नाही. केसरीनाथची शेतीही गेली. घर मात्र दुमजली झालं. त्या घराच्या फाटकाशी खुर्ची टाकून तो दिवसभर येणारे-जाणारे कंटेनर बघत बसायचा. सुनेला ते बघवेना. मुलानं, दीपेशनं, धंद्याच्या हिशेबासाठी कम्प्युटर घेतला होता. दुपारी तो रिकामाच असायचा. दिपालीनं एक दिवस सासऱ्याला त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "घ्या. जगभरातली माणसं आलीत तुमच्याशी खेळायला."

जगभरातल्या माणसांनी केसरीनाथला धुऊन काढलं. सुरुवातीला खेळाडू म्हणून बाराशे गुण मिळाले होते, ते महिन्याभरात नऊशेच्या खाली आले. राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो "लबाड हाय साला!" म्हणून उठूनच गेला होता. गावच्या डावात असलं काही नव्हतं. गावात प्यादं पलीकडं पोचलं की ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं व्हायचं, घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. इथं कुठंही पोचा, वजीर हजर. हे सगळं तो हळूहळू शिकला. पण हरणं थांबेना. जेवण कमी झालं, कुणी हाक मारली तर ओ देईना. जमीन गेली तेव्हाही तो इतका खचला नव्हता. केसरीनाथ म्हणजे डावातला पक्का माणूस, एवढीच एक ओळख उरली होती आणि तीही कुणी तरी पोरं लांब बसून पुसत होती.

दिपालीला बुद्धिबळातलं काही येत नव्हतं. कॉलेजात ती कॅरम खेळायची. पण ती वाचणारी होती. खेळ कसा सुधारावा यावर सासरा खेळायचा त्याच साइटवर जे लिहिलेलं होतं ते तिनं वाचलं आणि आपल्या भाषेत सांगितलं. एकामागून एक डाव खेळत सुटायचं नाही. चाल करण्याआधी समोरच्याच्या मनात काय आहे ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे हरलेला डाव उघडून बघायचा, कुठं घाण केली ते शोधायचं.

"हरलेला डाव परत बगायचा? जखमेवरची खपली काढायची ती?"

"काढा. त्याशिवाय कळणार नाही."

दुपारची वीज असेल तेवढा वेळ दोघं हरलेले डाव बघत बसायची. चौथ्या-पाचव्या डावाशी दिपालीच्या ध्यानात आलं. प्रत्येक वेळी तेच. सासरा डाव जिंकत आणतो, समोरच्याचं सगळं मारतो आणि शेवटचं एक मोहरं सोडून देतो.

"बाबा, हे शेवटचं का नाही मारत तुम्ही?"

"बुर्जी व्हते."

"म्हणजे?"

केसरीनाथनं तिच्याकडं असं पाहिलं की हिला जेवण रांधता येतं की नाही अशी शंका यावी. "समोरच्याचा राजा एकटा पडला का बुर्जी. डाव बरोबरीत. जिंकलास असं कुणी बोलणार न्हाय. त्याच्याकडं एक तरी शिपाई जित्ता ठेवायचा, आणि मग मात करायची. त्यात अक्कल लागते. ज्याच्याकडं कायच न्हाय त्याला मारून कसली मर्दुमकी?"

"इथं बुर्जी नाही बाबा. इथं सगळं मारलेलं चालतं."

"चालत असंल."

"मग मारायला शिका. नाही तर नऊशेच्या खालीच मरा."

सून असं बोलली म्हणून दुसरा कुणी सासरा चिडला असता. केसरीनाथ हसला, कारण ती खरं बोलत होती. मग त्यानं मनावर घेतलं. हात आधी ऐकेना. बोट प्याद्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दिपाली शेजारून "मारा" म्हणायची, तो डोळे मिटून मारायचा. मग ती न म्हणताही तो मारायला लागला. पुढं पुढं तर विचारही करावा लागेना, शेवटचं प्यादं दिसलं की हात आपला आपण जायचा. दिवाळीच्या तोंडाला त्याचे गुण हजाराच्या वर गेले. त्या दिवशी केसरीनाथनं दोन वेळा भात मागून घेतला.

दीपेशनं तोच दिवस साधला.

"बाबा, काकाच्या तुकड्याचं बघायला लागेल."

केसरीनाथनं हातातला घास ताटात ठेवला. तुकडा म्हणजे खाडीकडच्या वाटेवरचे तीन गुंठे. त्यावर धाकट्या भावाचं, नामाचं, पत्र्याचं घर होतं. बाकीची सगळी जमीन दोघा भावांनी मिळून तीन टप्प्यांत विकली होती. तिन्ही वेळा केसरीनाथच नामाकडं गेला होता आणि तिन्ही वेळा नामा म्हणाला होता, "दादूस, तू बोलशील तसं." तिसऱ्या वेळी केसरीनाथनं शब्द दिला होता, आता पुन्हा सांगायला येणार न्हाय, यो तुकडा तुझा.

"मी त्याला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"मी पण दिलाय. पार्टीला. मागं एवढं मोठं गोडाऊन उभं राहतंय आणि काकाच्या घराशी कंटेनर वळत नाही. मी काय काकाला वाऱ्यावर सोडतोय? काल्हेरला फ्लॅट देतोय, लिफ्टवाला. एकटा माणूस, गुडघे दुखतात, पत्र्याखाली झोपतो. बाबा, तुम्ही सांगितलंत तरच ऐकेल तो. नाही तर माझी अब्रू गेली समजा."

दीपेश काही वाईट पोरगा नव्हता. हीच तर अडचण होती. 

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गल्लीच्या टोकाला, खाडीची वाट सुरू होते तिथं, नामाकडं गेला. नामा ओटीवर पाग विणत बसला होता. जाळ्याची गाठ दातांनी ओढून तो म्हणाला, "कवा आयलास? बस." आणि न विचारता आतून पट घेऊन आला. जुना कापडी पट, आईनं कडा शिवून दिलेला. एक हत्ती कधीच हरवला होता. नामा तरणा असताना भिवंडीत लूमवर होता, तिथली सुताची एक लाकडी कांडी कापून त्यानं हत्तीच्या जागी ठेवली होती.

डाव सुरू झाला. नामा नेहमीसारखा घाईनं खेळत होता आणि नेहमीसारखा हरत होता. केसरीनाथचं लक्ष पटावर नव्हतं. कुठून सुरुवात करायची, गुडघ्यापासून की लिफ्टपासून, हेच तो मनात जुळवत होता. खेळत होते ते हात.

"चिंबोऱ्या मिळाल्या आज," नामा म्हणाला. "दीपेसला ने. आवडतात त्याला."

"हं."

नामाकडं राजा उरला आणि एक प्यादं. केसरीनाथनं हात पुढं केला, वजीर उचलला आणि प्याद्याच्या घरात ठेवला. प्यादं बाजूला पडलं.

नामाचा हात पटावर यायला निघाला होता, तो तिथंच थांबला. त्यानं पटाकडं पाहिलं, मग भावाकडं. केसरीनाथला कळेना काय झालं. मग कळलं.

"बुर्जी झाली, दादूस," नामा म्हणाला.

"ध्यान नव्हतं माझं. त्या कम्प्युटरवर तसंच खेळतात, सवय लागली. ठेव, ठेव परत."

"असू दे."

नामानं पडलेलं प्यादं उचललं आणि धोतराच्या टोकानं उगीचच पुसलं. "ल्हानपणापास्नं खेळतोय तुझ्यासंगट. सगळं मारायचास, पण शेवटचं कंदी मारलं न्हायस. हरायची भीती अशी मना कंदी वाटलीच न्हाय." तो थोडं थांबला. "जमिनीचं बोलायला आयलास ना?"

केसरीनाथनं आपला वजीर उचलून पुन्हा मागच्या घरात ठेवला.

"तिन्ही टायमाला आधी डाव मांडलास, मग बोललास. सही पायजे आसंल तर देतो. मी तुला न्हाय बोललोय का कवा?"

"गप रे तू." केसरीनाथचा आवाज नको तितका मोठा निघाला. "मी कायपण बोलायला आयलो न्हाय. भावाकडं यायला काम लागतं का?"

"बरं," नामा म्हणाला.

 नामानं पटावरचे मोहरे पिशवीत भरले, पट घडी करून ठेवला. आत जाऊन त्यानं चिंबोऱ्यांची, जिवंत खेकड्यांची, थैली आणली, तिचं तोंड दोरीनं आवळलं आणि भावाच्या हातात दिली. केसरीनाथला चपला सापडेनात. त्या समोरच होत्या.

दीपेश फाटकाशीच उभा होता.

"काय म्हणाला काका?"

"न्हाय बोलला."

"काका? तुम्हाला न्हाय बोलला?"

"हां."

"मग मी जातो उद्या. मी समजावतो."

"जा की. पण त्या सातबाऱ्यावर माझं पण नाव हाय," केसरीनाथ म्हणाला. "नामानं सही केली तरी माझी मिळणार न्हाय. कंदीच न्हाय. तुझ्या पार्टीला आजच सांग."

दीपेश बापाकडं बघत राहिला. थैलीतल्या चिंबोऱ्यांची खुडबुड चालली होती. त्यानं थैलीकडं पाहिलं.

"न्हाय बोलणारा माणूस चिंबोऱ्या देतो का, बाबा?"

केसरीनाथनं थैली आवाज ऐकून बाहेर आलेल्या दिपालीच्या हातात दिली आणि आत गेला. दीपेशनं बाइकला किक मारली. त्या दिवशी दिपालीनं चिंबोऱ्यांचं कालवण केलं, घरभर वास सुटला, आणि ज्याला आवडतं तो जेवायला आलाच नाही. पार्टी दीपेशला फोनवर वाट्टेल ते बोलली. पुढं कित्येक दिवस बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. काही विचारायचं असेल तर दोघंही दिपालीला विचारायचे. मधल्या मध्ये तिचा जीव नकोसा झाला.

अशाच एका दुपारी तिनं सासऱ्याला कम्प्युटरसमोर बसवलं. डाव चांगला रंगला. केसरीनाथ फार सुरेख खेळला. समोरच्याचा वजीर त्यानं असा पकडला की दिपालीनं टाळीच वाजवली. शेवटी समोर राजा उरला आणि एक प्यादं.

केसरीनाथचा हात गेला. आपला आपण गेला, माउसचा बाण प्याद्यापर्यंत पोचला. मग त्यानं दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरलं.

"बाबा, वेळ चाललीय. मारा."

त्यानं मनगट सोडलं नाही. पडद्यावरचं घड्याळ पळत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं हत्तीनं राजाला शह दिला. राजा सरकला. पुन्हा शह, पुन्हा राजा सरकला. मात काही होईना. शह देता आला नाही की प्यादं एकेक घर पुढं जात राहिलं, आणि वजीर झालं.

"गेले हजार," दिपाली म्हणाली. कुठं चुकलं ते बघायला तिनं सवयीनं तो डाव पुन्हा उघडला. मग सासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि बंद करून टाकला.

"दुसरा लावू?"

"लाव."

बाहेर गल्लीच्या टोकाला एक कंटेनर नामाच्या घराशी अडकला होता. ड्रायव्हर मागे-पुढे करत होता, क्लीनर कंटेनरचा पत्रा वाजवत "आने दो, आने दो" ओरडत होता, आणि गाडी काही वळत नव्हती.