उतरलेले पंधरा किलो

वासुदेव कर्णिकांचं वजन उतरू लागलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांच्या बायकोला, शामलाला झाला होता. वीस वर्षांचा मधुमेह, शहाऐंशी किलो वजन आणि गोडाचं वेड, या तिन्हींशी ती नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या घरात एकटीच भांडत आली होती. डेल्फ्टला शिकायला आलेले वासुदेव बंधारे बांधणाऱ्या कंपनीत रमले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर तर दिवसभर घरात, म्हणजे हात सारखा डब्यांकडे. शामला पोळ्या मोजून वाढायची, भात एक वाटी, साखर सर्वांत वरच्या फळीवर.

मग कोरोना आला. दर तीन महिन्यांची तपासणी फोनवर होऊ लागली. डायबेटिसची नर्स वजन विचारायची, शामला काट्यावरचा आकडा वाचून दाखवायची. ब्याऐंशी. पुढच्या वेळी अठ्ठ्याहत्तर. "फारच छान!" नर्स म्हणायची. ख्रोनिंगनला राहणारी लेक इरावती व्हिडिओवर ओरडली, "वाव बाबा, यू लुक सो फिट!" शामलाला वाटलं, चला, कुणीतरी पावती दिली.

त्या हिवाळ्यात वासुदेव गप्प गप्प असायचे. आज वार कोणता, असं दिवसातून चारदा विचारायचे. पण त्या लॉकडाउनमध्ये वार कुणाच्या लक्षात राहत होता? एरवी वजनाचा तक्ता ते स्वतः पट्टीने आखून भरायचे. जानेवारीपासून तो शामलाच भरत होती. ताटात पोळी उरू लागली, तेव्हा ती मनात म्हणाली, एकदाचे शहाणे झाले.

एप्रिल २०२१मध्ये लस घेऊन झाल्यावर हाउसआर्टने, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी, दोघांना समोर बोलावलं. दवाखान्यातल्या काट्यावर आकडा आला एकाहत्तर. डॉक्टरांनी अभिनंदन केलं नाही.

"हे त्यांनी ठरवून कमी केलं?"

"मी ठरवून," शामला हसून म्हणाली.

"मिस्टर कर्णिक, आज सकाळी काय खाल्लंत?"

वासुदेवांनी शामलाकडे पाहिलं. "हिला विचारा."

हे त्यांचं नेहमीचंच उत्तर. शामला सांगणार होती, पण डॉक्टरांनी हातानेच तिला थांबवलं आणि वाट पाहिली. वासुदेव टेबलाची कड चाचपत राहिले.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. वजन उतरावं असं दुसरं काही सापडलं नाही. डॉक्टर सावकाश बोलल्या, "पन्नाशीत जास्त वजन मेंदूलाही वाईटच. पण सत्तरीनंतर, मधुमेह असताना, असं वजन उतरलं की आम्ही सावध होतो. कधी कधी विसरणं लक्षात यायच्या आधीच शरीर वाळायला लागतं."

"म्हणजे मी उपाशी ठेवलं म्हणून?"

"तसं मी म्हणणार नाही. बरेचदा आजारच भूक नेतो. पण नक्की काय झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही."

परतताना बसमध्ये मास्कच्या आत शामलाचा श्वास गरम होत होता. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तिला सुटत नव्हतं. दोष दिला असता तर निदान रडता आलं असतं.

जूनमध्ये हॉस्पिटलने निदान केलं: डिमेन्शिया. साखर उतरवणारी एक गोळी बंद झाली. साखर थोडी वर राहिली तरी चालेल, पण फार खाली जाता कामा नये आणि वजनही आणखी उतरता कामा नये, असं सांगितलं गेलं. आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली. सायीचं दही, लोणी, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. वीस वर्षं जे जे काढून घेतलं, ते ते आता परत वाढायचं होतं. शामलाने यादी फ्रिजवर लावली आणि खुर्चीत बसली. कितीतरी वेळ उठावंसं वाटेना.

एका दुपारी तिने भरपूर तूप घालून थोडा शिरा केला. वासुदेवांनी वास घेतला, चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"नको. आमच्या घरी चालत नाही," ते तिलाच म्हणाले. "शामला रागावते."

ती शेजारची खुर्ची ओढून बसली.

"मी विचारलंय तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पोटभर खाऊ द्या त्यांना."

त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, पण खाल्लं. अर्धी वाटी खायला पाऊण तास लागला.

सप्टेंबरात वजन त्र्याहत्तर भरलं. डॉक्टर खूश झाल्या. शामलाला खूश व्हायलाही त्राण नव्हतं. कपडे वासुदेवांना घालायचे, जेवण वासुदेवांना भरवायचं, अडलेला शब्दसुद्धा वासुदेवांना पुरवायचा. तिचं स्वतःचं जेवण ओट्यापाशी उभ्यानेच व्हायचं. फोनवर इरावतीने "आई, हाउ आर यू?" विचारलं, तेव्हा पहिल्यांदाच ती "बरी आहे" म्हणाली नाही. "मला झेपत नाहीये," ती म्हणाली.

इरावती शुक्रवारी ट्रेनने आली आणि त्यानंतर दर आठवड्याला येऊ लागली. मराठी तिला समजायचं, पण बोलायची ती इंग्लिश नाहीतर डच. त्या पहिल्या शुक्रवारी मात्र अडखळत मराठीत म्हणाली, "तू झोप, आई. बाबांना मी जेवण देते."

शामला वर गेली. खालून आवाज येत होता, लेक डचमध्ये काही सांगत होती, वासुदेव मराठीत हो-हो म्हणत होते. ते जेवतात की नाही हे बघायला उठावं, असं तिच्या मनात आलं. ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत झोपली.