भाषणाआधीच घेतलेली प्रतिक्रिया

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. माझ्या डोक्याला एक पोचाही आहे. तो कसा पडला ते पुढे येईलच, पण राग त्या पोचाच्याही आधीचा आहे. तेव्हा गोड गोड आत्मकथा ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका आम्हाला जोडायच्या. जिने माझ्या डोक्यावर जाळी बसवली, तिने मला तोंडाजवळ धरून विचारलं, "ऐकू येतंय का?" मला वाटलं, किती मायेने विचारते आहे. नंतर कळलं की ती दिवसभर प्रत्येक माईकला हेच विचारते. तरी तो प्रश्न माझ्या मनात बसला तो बसलाच. मला ऐकू येतं, मित्रांनो, सगळं ऐकू येतं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

तिथून मी एका लहान शहराच्या रेडिओ केंद्रात आलो आणि ताईच्या हाती लागलो. ताई बातमीदार होती. केंद्रातले सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा. तिने मला काळ्या स्पंजची टोपी घेतली, माझ्यासाठी पिशवीत वेगळा कप्पा केला, आणि काम झालं की ती मला रुमालाने पुसायची. पुसावं लागायचंच. लोक माझ्या इतक्या जवळ येऊन बोलायचे की कोणी काय खाल्लंय ते मला शब्दाआधी कळायचं. कच्चा कांदा खाऊन देशाच्या भवितव्यावर बोलणाऱ्यांचा तर मी धसकाच घेतला होता.

वर्षातून एकदा देशाचे प्रमुख मोठं भाषण करायचे. येत्या वर्षात सरकार काय काय करणार, ते त्या भाषणात असायचं. भाषण संपलं की ताई मला घेऊन रस्त्यावर पळायची आणि लोकांना विचारायची, "कसं वाटलं?" ते दिवस फार सुखाचे होते. कोणी खूश असायचं, कोणी वैतागलेलं असायचं, कोणी म्हणायचं, "मी ऐकलंच नाही, पाणी आलं होतं." जे असेल ते खरं असायचं. मला तेव्हा वाटायचं की आपल्यामुळे रस्त्यावरच्या माणसाचं म्हणणं वरपर्यंत पोचतं. काय सांगू, छाती फुगवता आली असती तर मी फुगवली असती.

मग साहेब आले. साहेब म्हणजे बातम्यांचे प्रमुख. त्यांना एकच ध्यास होता, सगळ्यांच्या आधी. भाषण संपल्या संपल्या आपल्या बातमीपत्रात जनतेच्या प्रतिक्रिया वाजल्या पाहिजेत. आता भाषण संपल्यावर माणसं गाठायची, बोलतं करायचं, परत यायचं, याला वेळ लागणारच. साहेबांनी त्यावर तोडगा काढला. प्रतिक्रिया भाषणाच्या आधीच घेऊन ठेवायच्या, एकेकाकडून दोन. एक खुशीची, एक नाराजीची. भाषणात जे निघेल त्याप्रमाणे हवी ती वाजवायची.

तुम्हाला वाटेल लोकांनी ताईला हाकलून दिलं असेल. छे. लोकांना ते इतकं अंगवळणी पडलं की त्यांनी त्याला नावंही दिली, गोड आणि कडू. एक निवृत्त हेडमास्तर तर घसा खाकरून विचारायचे, "आधी गोड देऊ की कडू?" आणि कोटाची बटणं लावून दोन्ही द्यायचे, एका दमात. ताईला हे पटत नव्हतं. पण नोकरी होती, साहेब होते, आणि सगळे हसत होते. हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा ओढून आणणं फार कठीण असतं.

बसथांब्यासमोर केस कापण्याचं एक दुकान होतं. मालकाच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून गाव त्यांना गुळगुळीत काका म्हणायचं. काका स्वतःच म्हणायचे, "माझ्याकडे बघून घाबरू नका, हे मी कापलेले नाहीत." दर वर्षी ते रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल किंवा गटारांबद्दल गोड-कडू द्यायचे आणि ताईला चहा पाजायचे.

पण त्या वर्षी काकांच्या घरात दुखणं होतं. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड त्यांना पहाटेच्या बसने मोठ्या शहरात जावं लागायचं, तिथे मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. काका दुकान सोडून किती वेळा जाणार? काकू एकट्याच जायच्या. आधीच्या भाषणात प्रमुखांनी सांगितलं होतं की हे मशीन लहान गावांच्या दवाखान्यांतही बसवू. त्याप्रमाणे आपल्या दवाखान्यात एक खोली रिकामी केली, तिला रंग दिला, आणि दाराला कुलूप लावलं. काकू जाता-येता त्या खोलीच्या खिडकीतून डोकावायच्या. आत एक स्टूल होतं.

यंदाच्या भाषणात कोणत्या गावांना मशीन मिळणार ते कळेल, असं सगळे म्हणत होते. आणि काकूंनी नवऱ्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "यंदा आलं तर आलं. नाही आलं तर मी जाणं बंद करणार. त्या बसमध्येच जीव जायचा, त्यापेक्षा घरात जाऊ दे." काकांनी हे ताईला सांगितलं तेव्हा मी पिशवीत होतो. बोलता बोलता ते एकच कंगवा पुन्हा पुन्हा पुसत होते.

भाषणाला दोन दिवस होते. काकू शहरात गेल्या होत्या. ताईने मला बाहेर काढलं आणि जरा चाचरतच म्हणाली, "काका, यंदा राहू द्या. दुसऱ्या कोणाकडून घेते."

"का? यंदाच तर बोलायचंय मला," काका म्हणाले.

आधी गोड दिली. मित्रांनो, मी किती आवाज ऐकलेत, पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. काका म्हणाले, "फार बरं झालं. माझ्या बायकोला आता एवढ्या लांब जावं लागणार नाही. आता ती मशीनवर असताना मी मधल्या वेळात जाऊन तिच्याजवळ बसेन." बोलताना ते हसत होते. जणू ते झालंच होतं. मग ताई म्हणाली, "आता कडू." काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, "ही नको. ही घ्यायची वेळ येणार नाही." आणि त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

म्हणून काकांची फक्त गोड माझ्याकडून केंद्रात गेली.

भाषण झालं. लांबलचक झालं. पूल झाले, रस्ते झाले, तरुणांची शक्ती झाली. मशीनचा शब्द नाही. एका ठिकाणी प्रमुख एवढंच म्हणाले की आरोग्यसेवा आम्ही घराघरापर्यंत नेऊ. ताई केंद्रात बसून ऐकत होती आणि मी तिच्या पिशवीत. भाषण संपलं आणि लगेच बातमीपत्रात काकांचा आवाज लागला. "फार बरं झालं. माझ्या बायकोला आता एवढ्या लांब जावं लागणार नाही."

ताई धावत साहेबांच्या खोलीत गेली. "मशीनबद्दल काहीच बोलले नाहीत ते! हे कसं लावलं?"

"आरोग्याचा उल्लेख आहे ना," साहेब म्हणाले. "आणि आरोग्यावरची गोड एवढी एकच होती. छान बोललाय तो माणूस."

छान बोललाय! मला त्या क्षणी तिथे शिटी मारता आली असती ना, कानठळ्या बसवणारी, जशी आम्ही माईक कधीकधी मारतो, तर साहेबांचे दोन्ही कान मी कायमचे कामातून घालवले असते. पण माझी वायर गुंडाळलेली होती. ताईने पिशवी उचलली आणि तडक काकांचं दुकान गाठलं.

दुकानात गर्दी होती. लोक काकांचे हात हातात घेत होते, पाठ थोपटत होते. "शेवटी आलं हो मशीन, अभिनंदन." काका प्रत्येकाला सांगत होते, "नाही आलं, तसं काही नाही." आणि लोक म्हणत होते, "अहो, तुम्हीच तर रेडिओवर सांगितलंत." ताईने सगळ्यांना बाहेर काढलं. काका तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "ती आज बसमध्ये आहे. बसमध्ये रेडिओ असतो."

तेवढ्यात बस समोर येऊन थांबली.

मशीनवरून उतरलं की काकूंना ग्लानी यायची, त्या बसमध्ये झोपूनच यायच्या. भाषणभर त्या झोपल्या होत्या. जाग आली ती नवऱ्याच्या आवाजाने. आता त्या खिडकीतल्या प्रवाशांना हात हलवत उतरल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून निरोप दिला. त्या आजारी बाईच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला पिशवीच्या फटीतून दिसला, आणि दिसला नसता तर बरं झालं असतं.

"अहो, सगळी बस टाळ्या वाजवत होती," दारातूनच त्या म्हणाल्या. "कधी बसवणार म्हणाले?"

ताईने सांगितलं. गोड म्हणजे काय, ती कधी घेतली, सगळं सांगितलं, मान खाली घालून. काकू केस कापायच्या खुर्चीत बसल्या. समोर आरसा होता, त्यात त्या स्वतःकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. "ते तुझं चालू आहे का? दे इकडे."

त्यांनी मला घट्ट धरलं. हात थंड होता, मनगटावर सुयांच्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, "मी त्यांची बायको. ते बोलले ते भाषणाच्या आधी बोलले. मशीन आलेलं नाही. दवाखान्यात खोली आहे, खोलीला कुलूप आहे, आत स्टूल आहे. बसमध्ये ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना मला सांगायचंय की तसं काही झालेलं नाही. आणि प्रमुखसाहेब, तुम्ही घराघरापर्यंत याल तेव्हा या, आधी त्या कुलपाची किल्ली तेवढी पाठवा."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. मी एक शब्द सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने ते केंद्रात नेलं, पण साहेबांनी ते पूर्ण ऐकलंसुद्धा नाही. म्हणाले, "भाषण कालचं झालं. आज आपण खेळांच्या बातम्या घेतोय. प्रतिक्रियांचा दिवस गेला." ताईने दुरुस्ती तरी द्या म्हटलं. साहेब म्हणाले, "दुरुस्ती कसली? शब्द त्याचे, आवाज त्याचा. आपण काय बदललं?" तेव्हा ताईच्या हातात मी होतो आणि समोर साहेबांचं टेबल होतं. तिने मला असं काही आपटलं! हाच तो पोचा, मित्रांनो. मला त्याचा काडीचा राग नाही. माझ्या आयुष्यात मी काढलेला सगळ्यात मोठा आवाज तो.

ताईवर कारवाई झाली, नोकरी तेवढी वाचली, आणि मला निकामी ठरवलं. ताई मला घेऊन दुकानात गेली आणि काकूंना म्हणाली, "नाही लावलं त्यांनी. माझं कोणी ऐकलं नाही." काकांचा चेहरा पडला. ते बायकोकडे चोरून बघत होते. त्यांना विचारायचं होतं ते काही वेगळंच होतं आणि ते विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती. उद्याची पहाट बसची होती.

काकू म्हणाल्या, "मग मलाच सांगायला हवं. बस कधीची, नेहमीचीच ना?"

"नेहमीचीच," काका म्हणाले. त्यांनी पटकन पाठ वळवली आणि आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसायला घेतला.

काकू दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्या आणि उभ्या राहून सगळ्यांना सांगितलं. पण त्या दिवशीचे सगळेच प्रवासी काही त्यात नव्हते. म्हणून पुढच्या फेरीला गेल्या. मग त्याच्या पुढच्या. नवीन कोणी बसमध्ये दिसलं की त्या खोलीची, कुलपाची, स्टुलाची हकीकत सुरू. ड्रायव्हर रेडिओ बंद करून ऐकायचा. आता बसमधली माणसं शहरातून परतताना त्या खिडकीत डोकावून जातात आणि दवाखान्यात किल्ली विचारतात. किल्ली अजून मिळालेली नाही. काकूंनीही अजून जाणं सोडलेलं नाही.

मी आता दुकानात खुंटीवर असतो, टॉवेलांच्या शेजारी. माझी वायर कशालाही जोडलेली नाही. नंबर लागेपर्यंत लोक मला हातात घेतात, आधी थट्टेने "हॅलो हॅलो" करतात आणि मग हळूच खरं काय ते बोलतात. काका मला रोज पुसतात. मला तेवढं पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. मला राग आहे, कारण मी ऐकतो आणि पुढे काहीच जात नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातात कधी चालू माईक आला, मित्रांनो, तर एवढं करा. माणसाच्या तोंडात वाक्य घालू नका. तो बोलेपर्यंत थांबा, आणि बोललेलं जसंच्या तसं पुढे न्या. माईक फार नाजूक असतो म्हणतात. त्यापेक्षा त्यात बोललेलं नाजूक असतं.

परवा ताई आली. यंदाचं भाषण जवळ आलंय. तिच्या हातात नवा चकचकीत माईक होता आणि तिचा चेहरा ओशाळलेला होता. साहेबांचा हुकूम तोच आहे. ती काकूंना म्हणाली, "विचारायला लाज वाटते, पण दोन वाक्यं द्याल का? एक गोड, एक..."

काकू नुकत्याच बसमधून उतरल्या होत्या. खुर्चीत टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "भाषण झाल्यावर ये. मी इथेच असणार आहे."