दोरीच्या टोकाला आत्या

भिंगरी जिना धडधडत चढून घरात आली आणि पाठीवरचं दप्तर न काढताच म्हणाली, "मी आपल्या सगळ्यांची नावं दिली!"

तिचे बाबा खिडकीशी डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खाली रस्त्यावर होतं, पण नाजूक कामं ते वर आणत. आई शिवणयंत्रावर होती. दोघंही सकाळी बसत ते जेवायलाच उठत, आणि जेवायलाही बसतच असत.

"कशात दिलीस?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"रस्सीखेचीत. शाळेच्या क्रीडादिनाला. एका घरातली चार माणसं लागतात. मी, तुम्ही, आई आणि आत्या."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नुकतीच कामावरून येऊन ती दाराशी चपला काढत होती. गावातल्या मोठ्या लाँड्रीत ती चादरी, पडदे, टेबलावरची कापडं धुऊन घड्या घालायच्या विभागात होती. अंगानं चांगली भरभक्कम, आवाजही तसाच. वर्षभरापूर्वी आपलं एकटीचं बिऱ्हाड मोडून ती भावाकडे राहायला आली होती.

"मला कशाला घातलंस गं त्यात?" ती हसत म्हणाली.

"सर म्हणाले, दोरीच्या टोकाला घरातलं सगळ्यात जड माणूस उभं करा."

शिवणयंत्र थांबलं. आत्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं. "तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "तिच्याकडे मापं आहेत." आणि आत जाऊन तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

हे बोलणं पोरीला कळलं नाही, पण बाकीच्या दोघांना बरोबर कळलं. आईनं आत्याला हौसेनं झगा शिवला होता. आत्या तो घालून बघत असताना, समोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांदेखत आई सहज बोलून गेली होती, "वन्सं, कापड पुरलं नाही हो, बाजूंना जोड द्यावा लागला." गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून नणंद-भावजयीचं सरळ बोलणं बंद होतं. "भिंगरी, आईला सांग, साबण संपलाय." "भिंगरी, आत्याला विचार, चहा घेणार का." आई हातभर अंतरावर उभी असायची आणि पोर टपालासारखी निरोप पोहोचवायची.

"मी राहीन टोकाला," बाबा म्हणाले. "त्यात काय एवढं!"

शाळेनं सरावासाठी प्रत्येक घराला एकेक दोर दिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं इमारतीमागच्या मैदानात उतरली. समोरून ओढायला कोणीतरी हवं म्हणून बाबांनी शेजारच्या प्लंबरला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. आत्या बाकावर बसून बघत होती. आपण फक्त वारा खायला आलोय, असं तिनं भिंगरीकरवी सर्वांना कळवलं होतं.

प्लंबरनं तळहातावर थुंकी लावली, "तयार?" म्हणाला आणि एक हिसका दिला. आई पुढे पडली, भिंगरी आईवर पडली, आणि टोकाला दोर कमरेला गुंडाळून उभे राहिलेले बाबा दोघींच्या अंगावरून जवळजवळ प्लंबरच्या मिठीतच गेले.

"आम्ही अजून ओढलंच नव्हतं," प्लंबरची बायको अपराधी चेहऱ्यानं म्हणाली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाबा धापा टाकत गवतावर बसले. आईच्या कोपराला खरचटलं होतं. भिंगरीनं रडवेली होऊन दोर टाकून दिला.

आत्याला राहवेना. "अरे, असं कोण ओढतं?" ती बाकावरूनच ओरडली. "तो आधी ओढतो, मग ही ओढते, मग पोरगी! आपापलं ओढताय सगळे. एकदम ओढा ना! आणि तू कमरेला काय गुंडाळलंस ते? गाठोडं आहेस का तू?"

"मग तू ये ना, ताई," बाबा म्हणाले.

आत्या उठली नाही. पण घरी परतताना तिनं आईच्या कोपराकडे दोनदा बघितलं.

जेवणं झाल्यावर आई वाळत घातलेले कपडे काढत होती. मोठी चादर एकटीला आवरेना. आत्यानं दुसरी दोन टोकं उचलली. दोघी खोलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"हात ताठ ठेव," आत्या म्हणाली. थेट आईशी. "हातानं नाही ओढायचं, मागे झुकायचं. अंगाचा भार कापडावर टाक. मी झुकले की तूही झुकायचं. हं, आता!"

चादर ताणून टणक झाली. दोघी मागे कलल्या होत्या आणि दोघींपैकी एकीनं जरी सोडली असती तरी दुसरी भिंतीवर आपटली असती.

"कापड खरंच पुरलं नव्हतं," आई त्याच अवस्थेत म्हणाली.

"ते मला माहीत आहे. पण चारचौघांत सांगायचं का ते?"

"चुकलं माझं. त्याच रात्री मला कळलं होतं. पण तुम्ही बोलणंच टाकलंत, मग मलाही जमेना."

आत्यानं चादर थोडी सैल सोडली. "मला हे अंग नवीन नाही गं. लहानपणापासून ऐकतेय. पण तुझ्या तोंडून नको वाटलं."

आई चादरीची टोकं घेऊन पुढे आली, घडी जुळवायला. "वन्सं, याल का टोकाला? वजनासाठी म्हणत नाही मी. आज पडले तेव्हा मागे कोणीच नाही असं वाटलं. तुम्ही मागे असलात की पाठीशी भिंत असल्यासारखं वाटेल मला."

"भिंत?" आत्यानं डोळे वटारले.

आईनं जीभ चावली. मग आत्याच आधी हसली, आणि दोघी इतक्या हसल्या की चादर जमिनीवर पडली आणि ती पुन्हा धुवावी लागली.

त्यानंतर रोज संध्याकाळी चौघंही मैदानात जाऊ लागली. आत्यानं सगळ्यांना कामाला लावलं. आधी मैदानाला फेऱ्या. तिच्या स्वतःच्या फेऱ्या निम्म्या असत, पण त्या ती चुकवत नसे. मग बैठका. मग दोर. दोर कमरेला नाही, काखेतून पाठीवर घ्यायचा. टाचा मातीत रुतवायच्या. भिंगरी सगळ्यात पुढे, आवाज देणारी. ती "हैय्या" म्हणाली की चौघांनी एकदम झुकायचं, मध्ये कोणी आपली अक्कल चालवायची नाही. बाबांना हे सर्वांत जड गेलं. त्यांना दर वेळी आधीच ओढायचा मोह व्हायचा.

"आयुष्यभर घड्याळं लावतोस लोकांची," आत्या ओरडायची, "आणि स्वतः कायम पुढे!"

पहिले काही दिवस घरात कण्हण्याखेरीज आवाज नव्हता. बाबा जिना खेकड्यासारखे आडवे उतरत. आईला यंत्राचं पायडल मारताना मांड्या जाणवत. मग हळूहळू कण्हणं कमी झालं आणि भुका वाढल्या. बाबांची आखडलेली मान मोकळी झाली. एका संध्याकाळी प्लंबर आणि त्याची बायको दोघंही मातीतून फरफटत आली, तेव्हा प्लंबरनं कपडे झटकत विचारलं, "वहिनी, यांना खायला काय घालताय?"

क्रीडादिनाला शाळेचं मैदान भरून गेलं होतं. पहिल्या फेरीत समोर बेकरीवाल्याचं कुटुंब होतं. भिंगरीनं तीनदा "हैय्या" म्हटलं आणि दोरावरची लाल फीत रेषेच्या अलीकडे आली. इतकं पटकन, की बाबांना आपण जिंकलो हे आईला विचारून घ्यावं लागलं.

दुसऱ्या फेरीला एक ट्रकवाला, त्याची बायको आणि दोन थोराड मुलगे उभे राहिले. बघणाऱ्यांत कोणीतरी हळहळलं. शिट्टी वाजली. ट्रकवाल्यांनी जोरात हिसका दिला आणि फीत त्यांच्या बाजूला सरकली. मग थांबली. आत्यानं टाचा रोवल्या होत्या. दोर तिच्या पाठीवर करकरत होता, चेहरा लाल झाला होता, पण ती तसूभरही हलत नव्हती.

"थांबा," ती शांतपणे म्हणाली. "दमू देत त्यांना. भिंगरी, आता नको... आता नको... आता!"

"हैय्या!"

फीत परत मध्यावर आली. मैदानात एकच गलका झाला. लोक बाकांवर चढले. आईला पाठीमागे आत्याचा श्वास ऐकू येत होता आणि तिनं आपला श्वास त्याच्याशी जुळवला होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग भिंगरीचा बूट घसरला, ती आपटली, आवाज थांबला, आणि तेवढ्या फटीत ट्रकवाल्यांनी सगळ्यांना रेषेपलीकडे ओढून नेलं.

चौघंही मातीत पडली होती. भिंगरी रडू की नको अशी बसली होती. तेवढ्यात आत्या पडल्या पडल्याच म्हणाली, "काय मजा आली गं!" मग रडण्यात काही अर्थ उरला नाही.

ट्रकवाला घाम पुसत आला. "तुम्हाला हलवताना आमचा जीव निघाला," तो आत्याला म्हणाला. "सराव कुठे करता?"

आत्यानं पत्ता सांगितला. आईनं शिवलेल्या त्या झग्याची माती तिनं झटकली नाही. घरी जाईपर्यंत तशीच मिरवत चालली.

दोर शाळेला परत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी वेळेआधीच दुकानाचं शटर ओढलं आणि आईनं यंत्रावर फडकं टाकलं. चौघं मैदानात जाऊन उभी राहिली. ट्रकवाल्याचं सगळं घर तिथे आधीच येऊन थांबलं होतं.

"दोर कुठाय?" ट्रकवाल्याच्या बायकोनं विचारलं.

"शाळेला परत दिला," बाबा म्हणाले.

"शिवाशिवी खेळू या," भिंगरी म्हणाली. "राज्य आत्यावर!"

आत्यानं बाह्या सावरल्या आणि ती सरळ बाबांच्या मागे लागली. कित्येक वर्षांत न धावलेले बाबा मैदानभर पळत सुटले, ट्रकवाल्याच्या मुलांच्या मधून, आईला वळसा घालून, आणि शेवटी धापा टाकत बाकावर चढून उभे राहिले.

"बाकावर शिवायचं नाही!" ते ओरडले.

"असा नियमच नाहीये, बाबा!" भिंगरी ओरडली.

"आहे! आमच्या वेळी होता!"

आत्या बाकासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उतरशील की," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."