राणीच्या किल्ल्याला पायऱ्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. निपाणीत एका शिबिरात माझं वाटप झालं. दात्याचं नाव माझ्या पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, की माझ्यात बसलेली अकरा वर्षांची त्रिशला फोटोत दिसलीच नाही. माझी पाठ तेवढी दिसली.

आता ती सोळा वर्षांची आहे. माझं डावं चाक कुरकुरतं, सीट दोनदा बदलली. पाच वर्षांत 'बिचारी' हा शब्द मी इतका ऐकला, की माझ्या लोखंडाला गंज चढला तो पावसाने नव्हे, त्या शब्दाने.

दर रविवारी त्रिशलाचे मित्र सौरव आणि दिपाली आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात खेळायला येतात. कारण पलीकडच्या हॉलला सात पायऱ्या आहेत. शेजारी उतारही केलाय, पण त्यावर लोक स्कूटरी लावतात. यांचा खेळ कागदी नकाशावरचा. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे वीर होतात आणि फाशांवर पडेल ते घडतं. यंदा खलनायक रचायची पाळी त्रिशलाची होती. तिने चाकाच्या खुर्चीतली दुष्ट राणी काढली, लोहचक्री.

सौरवने विचारलं, हिचे पाय कुणाच्या शापाने गेले, आणि शाप सुटल्यावर ही चालणार काय? दिपाली म्हणाली, माझा वीर असल्या बाईवर तलवार उचलणार नाही, पाप लागेल.

त्रिशलाने वही मिटली. "बिचारीला कोण भितंय रं? पुढच्या रविवारी माझ्या राणीची कीव आली, तर हा खेळ बंद. परत यायचं न्हाय."

त्या आठवड्यात तिने मला पहिल्यांदा नीट बघितलं. मी कुठे अडते, कुठे सुसाट सुटते, ते वहीत उतरवलं. राणीच्या किल्ल्याला एकही पायरी ठेवली नाही. सगळे गुळगुळीत दगडी उतार. राणी त्यावरून बाणासारखी येणार आणि पायांवरचे वीर घसरून पडणार. मला काय गर्व झाला म्हणून सांगू!

पण दुबळी जागा नसेल तर खेळ खोटा ठरतो. तीही तिला माझ्यातच सापडली. गेल्या खंडेनवमीला शेजारच्या जयाबाईंनी ट्रॅक्टरला घालतात तसा माझ्या चाकाला झेंडूचा हार घातला होता. भाव चांगला, विचारलं मात्र नाही. गल्लीच्या मधोमध हाराचा दोरा चाकाच्या आसात गुंडाळला आणि आम्ही अर्धा तास जागेवर. लोक हात जोडून पुढे जात होते. शेवटी दिपालीने ब्लेडने दोरा कापला. त्रिशलाने वहीत एकच ओळ लिहिली आणि पान दुमडलं.

रविवार आला. राणी येताना त्रिशला मला वीतभर मागेपुढे करायची. कुर्र... कुर्र. दोघंही मागे सरकायची. सौरवचा घोडा गेला, ढाल गेली, मग तो स्वतःच खंदकात गेला.

"लई वाईट बाई हाय गं ही," तो चिडून म्हणाला.

"व्हय," त्रिशला म्हणाली, "आता कसं बोललास."

उरली दिपाली. ती बराच वेळ माझ्या डाव्या चाकाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझा वीर तलवार टाकणार. राणीची पूजा करणार. चाकाला हार घालणार."

फासे पडले, सहा आणि सहा. त्रिशलाने दुमडलेलं पान उलगडून दाखवलं: 'चाकाला हार घातला, की राणी अडते.' राणी स्वतःच्याच उतारावर अडकली, आणि दिपालीने टाकलेली तलवार पुन्हा उचलली, पापपुण्य न बघता. त्रिशला हरली आणि पोट धरून हसली. कीव करून कुणी तिला सोडलं नव्हतं.

तिचे वडील, आप्पा, माझ्या चाकासाठी तेलाची बुधली घेऊन आले, तर म्हणाली, "नको आप्पा. पुढच्या खेळात राणीची बहीण यायची हाय, कुरकुर ऱ्हाऊ दे."

तेव्हा मित्रांनो, आमची निगा राखा. चाकांत हवा भरा, उतारावरच्या स्कूटरी काढा. तेल असो नाहीतर हार, माझ्यात बसलेल्या माणसाला आधी विचारा. आणि खेळात आम्ही समोर आलो, तर हात जोडू नका. तलवार काढा.